पहिली धार

आई तिला भट्टीच म्हणायची. परवाना मिळाला आहे, बाटलीवर नासपतीचं सुबक चित्र येणार आहे, दोन-तीन हॉटेलांनी आत्तापासून चौकशी केली आहे, असं घरातल्या प्रत्येकाने तिला आळीपाळीने समजावलं होतं. ती सगळं ऐकून घ्यायची, ‘डिस्टिलरी’ हा शब्द एकदा नीट म्हणूनही दाखवायची, आणि संध्याकाळी चहा घेताना विचारायची, "मग, भट्टीचं काय ठरलं?"

भट्टीचं काहीच ठरत नव्हतं. बंद पडलेल्या बर्फखान्याचा हॉल धुऊनपुसून लख्ख झाला होता. बागवाल्यांनी नासपतीचा रस द्यायचं कबूल केलं होतं, तो आंबवायच्या टाक्या येऊन बसल्या होत्या. हॉलच्या मधोमध तेवढा एक चौथरा रिकामा होता, आणि त्याच्यावर काय बसवायचं यावरून दादा आणि धाकटी या सख्ख्या बहीणभावांनी एकमेकांशी सरळ बोलणं टाकलं होतं. निरोप जात ते वहिनीमार्फत. वहिनी दादाची बायको. निरोप पोचवताना त्यातला निम्मा कडूपणा ती वाटेतच काढून टाकायची. ऊर्ध्वपातनाचं यंत्र घरात यायचं होतं, पण ते काम घरात आधीपासून चालू होतं.

दादाला कॉलम हवा होता. कॉलम म्हणजे छतापर्यंत गेलेलं उभं नळकांडं, आत एकावर एक जाळीच्या ताटल्या. वाफ एकेक ताटली चढत वर जाते आणि चढता चढता शुद्ध होते. बाजूला तबकड्या असतात, त्यांच्यावरचे काटे सगळं सांगतात. माणसाने खुर्ची टाकून बसायचं. धाकटीला हवं होतं तांब्याचं भांडं, मोठ्या पोटाचं, वर लांब मान असलेलं. भांड्यात काटा फारसं सांगत नाही. नळीतून थेंब थेंब येत असताना त्यातलं टाकायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं हे उभं राहून नाकाने ठरवावं लागतं.

गंमत अशी, की धाकटी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती आणि नाकाच्या बाजूने भांडत होती. आणि ज्याच्या नाकाचं घराण्यात कौतुक, तो दादा काट्यांच्या बाजूने. आजोबा फुलांचे अर्क काढायचे. बाबांनी ते सोडून बर्फ केला, पण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, की आमच्या वडिलांचं नाक आमच्या थोरल्याकडे आलंय आणि तोंड धाकटीकडे. बाबा गेले, बर्फखानाही गेला, हे वाक्य मात्र घरात ठाण मांडून होतं.

शेवटी वहिनीनेच तोडगा काढला. यंत्रं बनवणाऱ्या कारखानदाराकडे दोन्हींच्या लहान आवृत्त्या होत्या. आपलाच आंबवलेला रस त्याच्याकडे पाठवायचा, दोन्हींतून काढून घ्यायचा, सगळ्यांनी एकत्र जाऊन बघायचं आणि तिथेच सही करून यायचं. जागा आईच्या नावावर, त्यामुळे सही तिची. म्हणून तीही निघाली, ठेवणीतली शाल घेऊन, जणू कुणाची मुलगी बघायला जायचं होतं.

गाडीत कुणी कुठे बसायचं हेही वहिनीनेच ठरवलं. दादा पुढे, गाडी चालवणाऱ्या त्याच्या लेकीच्या शेजारी. मागे एका खिडकीशी धाकटी, दुसऱ्या खिडकीशी ती स्वतः, मध्ये आई. लेक आर्किटेक्ट होती, हॉलचं सगळं काम तिने केलं होतं, आणि तिचा पाठिंबा कॉलमला होता, कारण कॉलमसाठी छत फोडून काचेचा मनोरा करता आला असता आणि तो रस्त्यावरून दिसला असता. वहिनी मनातल्या मनात मोजणी करत होती. दादा, लेक, ती स्वतः. आई कुंपणावर. वहिनीला स्वतःला दारूचा हा सगळा उद्योगच पसंत नव्हता, पण करायचाच असेल तर कॉलम. त्याचं कारण तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं कुणी, तर म्हणायची, पुसायला सोपा.

*

कारखानदाराला घरात सगळे पाठीमागे टणत्कार म्हणत. तो प्रत्येक भांड्याजवळ थांबायचा, बोटाच्या पेराने त्याच्यावर ठोकायचा, डोळे मिटायचा आणि गिऱ्हाइकालाही मिटायला लावायचा. आवाज विरेपर्यंत बोलायची सोय नसे. त्याला स्वतःचं मत नव्हतं असं नाही. समोरच्याचं जे असेल ते त्याचं असे. कॉलमजवळ उभं राहून तो दादाला म्हणाला की पुढचा जमाना यांचाच. चार पावलं पुढे, भांड्याजवळ, त्याने धाकटीला सांगितलं की तांब्याच्या पोटातून जे निघतं त्याला तोड नाही. दोघांनीही दोन्ही वाक्यं ऐकली आणि दोघांनाही तो आपला माणूस वाटला.

शेडच्या एका कोपऱ्यात टेबलावर पांढरं कापड घालून लहान लहान ग्लास मांडून ठेवले होते. भांड्यातून जसजसं येत गेलं तसतसे ओळीने भरलेले. टणत्कारने आईसाठी म्हणून सगळं सावकाश समजावून सांगितलं. पहिली धार येते ती टाकायची. तिच्यात नको ते सगळं आधी उडून येतं, तिला सरळसरळ डिंकाच्या नळीचा वास असतो, यंत्राचे डाग पुसायला बरी. मधली धार म्हणजे खरा माल. शेवटची पुन्हा बाजूला, तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास.

आई म्हणाली, लोक तर पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात.

"लोक बरंच काय काय म्हणतात," टणत्कार म्हणाला आणि जवळच्या भांड्यावर ठोकलं.

तेवढ्यात दादाच्या लेकीने फोटो काढायला ग्लास हातात घेतले. सरळ ओळ तिला बघवत नसे. तिने त्यांची अर्धवर्तुळात मांडणी केली, मागे तांब्याची मान येईल असं बघितलं, दोन ग्लासांची अदलाबदल केली, चार फोटो काढले आणि समाधानाने बाजूला झाली. आता कुठला ग्लास पहिला आणि कुठला शेवटचा हे कुणालाच सांगता येईना. सगळ्यांतलं पाणी एकसारखं स्वच्छ.

दुसरा एखादा माणूस ओशाळला असता. टणत्कारने त्यातून खेळ उभा केला. तो दादाकडे वळून म्हणाला, की बरंच झालं, तुमच्या घराण्याच्या नाकाबद्दल फार ऐकलंय, आता साहेबांनीच मधली धार ओळखून द्यावी.

*

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

वास न येणाऱ्या माणसाला जगणं तसं अवघड नसतं. इतरांचे चेहरे वाचायचे. कुणी नाक मुरडलं की आपण मुरडायचं, कुणी वा म्हटलं की थोडं थांबून आपणही म्हणायचं, आणि थांबल्यामुळे आपला शब्द अधिक जाणकाराचा वाटतो. या कसबावर दादाने बरीच वर्षं काढली होती, आणि या काळात घराण्याच्या नाकाची कीर्ती उलट वाढलीच होती. अडचण इतकीच होती, की आज सगळे चेहरे त्याच्याकडेच बघत होते आणि त्यांच्यावर वाट बघण्याखेरीज काही लिहिलेलं नव्हतं.

त्याने एक ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तिसऱ्याला जरा जास्त वेळ दिला. बायकोकडे बघण्याचा मोह त्याने आवरला. मग पहिल्यांदा उचललेला ग्लास पुन्हा हातात घेतला, उजेडाकडे धरला, हलकेच गोल फिरवला आणि म्हणाला,

"हा. यात बाग आहे."

ग्लास फिरवल्यामुळे आतला वास टेबलभर पसरला. डिंकाची नळी, नेलपॉलिश, नुकतं रंगवलेलं बंद कपाट. लेकीने फोनमधून मान वर काढली. वहिनीने पदर सारखा करायच्या निमित्ताने खाली बघितलं. टणत्कारचं नाक फुरफुरलं, पण त्याच्यासमोर ऑर्डर उभी होती. तो म्हणाला, साहेबांची पारखच निराळी.

धाकटी टेबलाच्या पलीकडे उभी होती. दादा चुकला, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि पहिला झटका निखळ आनंदाचा होता. वर्षभर ज्याची वाट बघितली ते इतक्या लोकांसमोर, पांढऱ्या कापडावर आयतं वाढून आलं होतं. तिने तोंड उघडलं. आणि मग तिने वहिनीकडे बघितलं.

वहिनी तिच्याकडे बघत होती. ही बाई कधी कुणाकडे काही मागत नसे. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तिने साधं मीठ पुढे करा म्हटल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. आत्ता ती मागत होती.

चूक नव्हती ती. हा वास चुकता येण्यासारखाच नव्हता. शेडच्या दारातून आत येणाऱ्यालाही आला असता. धाकटीने दादाच्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं, त्याच्या नाकापासून तो बोटभर अंतरावर होता, आणि त्याचा चेहरा शांत होता. तेव्हा काट्यांसाठीचा सगळा हट्ट तिच्या डोळ्यांसमोरून सरकत गेला. काट्यांना वास लागत नाही.

"दादा म्हणतो ते बरोबर असेल," ती म्हणाली. "माझंच नाक चोंदलंय सकाळपासून. एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही, या भानगडीच नकोत. कॉलमच घेऊ."

टणत्कारने लगेच पुढचा जमाना यांचाच असल्याचं पुन्हा सांगितलं. लेकीने काचेच्या मनोऱ्याचं चित्र आत्याला दाखवायला घेतलं. आईने पिशवीतून चष्मा काढला, कुठे सही करायची ते विचारलं. इतक्या सहज काही घडण्याची सवय या घराला नव्हती. फक्त दादा हलला नाही. त्याने हातातल्या ग्लासाकडे बघितलं आणि तो अतिशय जपून टेबलावर ठेवला.

बहीण आयुष्यात एकदाही त्याच्याशी सहमत झाली नव्हती. शाळेतल्या गणितापासून बाबांच्या औषधापर्यंत एकदाही नाही. त्यामुळे ग्लास चुकीचा आहे हे त्याला आता नाकापेक्षाही खात्रीने कळलं होतं.

*

कागद तयार होईपर्यंत टणत्कारने चहा मागवला. वहिनी हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेली. तिथे तांब्याच्या पत्र्यांची थप्पी होती, आणि थप्पीवर धाकटी बसली होती.

कधीपासून, असं धाकटीने विचारलं. वहिनीने सांगितलं. बर्फखान्याच्या अखेरच्या दिवसांत गारव्याच्या अमोनियाची नळी फुटली होती, तेव्हा सगळे रस्त्यावर पळाले आणि दादा तोंडाला ओलं फडकं बांधून चावी बंद करायला आत गेला. दोन दिवस डोळे सुजले होते. सूज उतरली आणि सगळ्यांनी विषय सोडून दिला. वास तेव्हाच गेला तो परत आला नाही. तिला हे त्याने सांगितलेलं नव्हतं. तिने एकदा त्याचा शर्ट इस्त्रीखाली जाळला, तो बाजूलाच पेपर वाचत बसला होता, पान उलटून म्हणाला, आज हवा बरी आहे.

"मी त्यांना कळू दिलं नाही की मला कळलंय," वहिनी म्हणाली. "तुम्हीही नका देऊ, वन्सं."

धाकटीने नाही म्हटलं. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, की मला आजवर का नाही सांगितलं. वहिनी नळाखाली हात धरून होती. ती हात धुतच राहिली, फार वेळ, आणि धाकटीला उत्तर मिळालं.

त्या आत आल्या तेव्हा दादा उभा होता आणि कागद बाजूला सारलेला होता. तो म्हणाला, आपण विचार केला, कॉलम नको. भांडं घ्यायचं.

धाकटी म्हणाली, आता कशाला, कॉलम ठरलाय. दादा म्हणाला, काटे काय, काटे बर्फालाही होते. काट्याने बर्फ गोठतो, चव लागत नाही. हे धाकटीचं वाक्य होतं, वहिनीने ते कित्येकदा पोचवलेलं. धाकटी म्हणाली, रोज उठून एकाच्या नाकावर धंदा चालत नसतो, त्याला सर्दी झाली तर काय कुलूप लावायचं. हे दादाचं होतं. तांब्याने माल गोड होतो, तो म्हणाला. कॉलमला जागा कमी लागते, ती म्हणाली. वर्षभर एकमेकांचं ऐकूनच न घेतलेली ही दोन माणसं एकमेकांचं बोलणं शब्दाशब्दाने पाठ म्हणत होती, आणि आवाज नेहमीइतकाच चढलेला होता. टणत्कार बिचारा कुणाच्या बाजूने मान हलवावी या विवंचनेत मधल्या मध्ये अडकला.

आई सगळ्यांत शेवटी बोलली. तिने पेनाला टोपण लावलं.

"अरे, तुला वास येत नाही ना?"

शेडमध्ये कुठेतरी हातोडा चालू होता, तो चालूच राहिला.

"नाही," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे. दूध लागलं की मी तुलाच पहिला कप देते. तू मुकाट्याने पितोस."

लेक हळूच म्हणाली की बाबा, म्हणून तर मी स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवला, दिवा आहे असं सांगून. दादाने बायकोकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली, म्हणजे तिलाही. एका घरात तिघीजणी इतकी वर्षं एकच गुपित सांभाळत होत्या, तिघी तीन कोपऱ्यांत, आणि प्रत्येकीला वाटत होतं ते आपल्या एकटीकडे आहे. जिच्यापासून ते जपायचं होतं ती धाकटी. आणि ज्याचं होतं, तो सगळ्यांपासून लपवल्याच्या समाधानात.

दादा खुर्चीवर बसला. त्याला रडू येईल की हसू, हे बघायला सगळे थांबले होते. त्याने टेबलावरचे ग्लास बघितले आणि विचारलं, "मी कुठला उचलला होता?"

"पहिल्या धारेचा," धाकटी म्हणाली.

"बाग आहे म्हणालो मी."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस."

"मग काय करणार होते," धाकटी म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. तेव्हा टणत्कारला काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं. त्याने भांड्यावर ठोकलं.

*

भांड्याची ऑर्डर गेली. म्हणून भांडण मिटलं असं कुणी समजू नये. उलट आता निरोप्या न राहिल्यामुळे ते समोरासमोर आलं. धाकटीला आखूड मान हवी होती, म्हणजे वाफेबरोबर फळाचा सगळा जडपणा वर चढेल. दादाला उंच, म्हणजे जड ते अर्ध्यातून परत खाली पडेल आणि हलकं तेवढंच येईल. वाफ गार करून पुन्हा पाणी करायचं वेटोळं कसं असावं यात मात्र त्याने कुणाला बोलूच दिलं नाही. उभा जन्म गारवा तयार करण्यात गेला होता, त्या खात्यात तो कुणाचं ऐकणार नव्हता. मान शेवटी मध्यम झाली. दोघांनीही ती आपल्या मनासारखी झाल्याचं वेगवेगळ्या लोकांना सांगितलं. काचेचा मनोरा बारगळला, आणि लेक थोडे दिवस रुसली. आईने सही केली ती भांडं दारात आल्यावर, ठोकून बघून.

पहिल्या दिवशी सकाळी चौथऱ्यावर तांबं तापायला लागलं. बाकी सगळ्यांना धाकटीने बाहेर काढलं. दादा वेटोळ्याच्या पाण्याच्या चावीपाशी उभा राहिला, धाकटी नळीच्या तोंडाशी. हॉलमध्ये दोघंच. बऱ्याच वेळाने नळीच्या टोकाशी थेंब जमला, लोंबला आणि पडला.

धाकटीने पहिली धार वेगळ्या बाटलीत घेतली. दादाने विचारलं, काय येतंय.

"डिंक," ती म्हणाली.

मग बराच वेळ ती धार तपासत राहिली. हातावर थेंब घ्यायची, तळवे चोळायची, नाकाशी न्यायची. दादाने पुन्हा विचारलं.

"आता चांगला येतोय."

"चांगला म्हणजे काय? चांगला हा काय वास झाला?"

तिने बाटली बदलली, नवी नळीखाली सरकवली. तळवा पुन्हा नाकाशी धरला. ज्याला येत नाही त्याला वास सांगायचा तर सुरुवात कुठून करायची, हे तिला वर्गात कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, नासपतीचा आहे, पण कापलेल्या फोडीचा नाही. सालीचा.

"कच्च्या की पिकलेल्या?"

"पिकलेल्या. झाडाखाली पडलेल्या. आणि त्याच्यामागे काहीतरी... बाबांचं कपाट उघडलं की यायचा तसा."

"त्याला डांबरगोळ्यांचा वास होता," दादा म्हणाला. "मला आठवतो. नीट सांग."

"डांबरगोळ्या खालच्या कप्प्यात होत्या. मी वरच्याचं सांगते आहे. गरम कोट असायचा तिथे. उन्हात घालून आणलेला असला की त्याच्या अस्तराला यायचा. थोडा गोडसर, थोडा लाकडाचा."

नळीतून बारीक धार लागली होती. दादाने चावी किंचित फिरवली, वेटोळ्यावर हात ठेवून गारवा बघितला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"हां, तो. पुढे सांग."